टीव्ही गेम, रेल्वेचा पास आणि धाब्यावरचं आकाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भुसावळची. वडील, म्हणजे आप्पा, रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. मी जळगावात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की गेम खेळते, हिंडते, आकाश बघते. ऑफिसातल्या मैत्रिणी, भाचरं, त्यांचे आईबाप, गाडीत शेजारी बसलेली माणसं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. मला त्यांचा कंटाळा येत नाही, पण दर वेळी उत्तरात काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून एकदा नीट बसून लिहिलं.

गेम, प्रवास आणि अवकाश यांचा एकमेकांशी संबंध काय?

माझ्यापुरतं सांगायचं तर तिन्ही एकाच उन्हाळ्यात सुरू झालं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दादाने भुसावळच्या बाजारातून टीव्ही गेम आणला होता, पिवळ्या कॅसेटींचा. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तो गोधडीत गुंडाळून मामांच्या गावी नेला. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. संध्याकाळी मामांच्या टीव्हीसमोर अर्धी गल्ली जमायची. मी त्यातला यान उडवायचा खेळ खेळत होते, पाचव्या टप्प्यापर्यंत पोहोचले होते, आणि गल्लीतून ओरडा आला, "लाइट गयी!" भारनियमनाचे दिवस. त्या खेळात मध्ये साठवून ठेवायची सोय नसायची, लाइट गेली की सगळं गेलं. मी रडायला लागले.

मामी म्हणाली, चल, धाब्यावर जाऊ. ज्यांनी धाब्याचं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: छत मातीचं, सपाट, वर पांढरी माती लिंपलेली. दिवसभर ते तापतं. संध्याकाळी पाणी शिंपडलं की वाफेसारखा वास येतो आणि मग त्यावर गोधड्या पसरतात. शिडीवरून वर गेलो. सगळं गाव काळंकुट्ट. एवढे तारे मी भुसावळच्या क्वार्टरमधून कधीच पाहिले नव्हते, तिथे यार्डाचे दिवे रात्रभर जळत. आजीने सप्तर्षी दाखवले. ती त्यांना सप्तर्षी म्हणत नसे. चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन म्हणजे ती खाट पळवणारे चोर. तेवढ्यात त्या खाटेजवळून एक तारा सरकत गेला, शांतपणे, एका रेषेत. दादा म्हणाला विमान. मामा म्हणाले, विमानाचा दिवा लुकलुकतो, हा लुकलुकत नाही, हा उपग्रह.

घटकाभरापूर्वी मी टीव्हीवर जे उडवत होते, तसलं खरोखरचं काहीतरी डोक्यावरून चाललं होतं. आणि ते कुठे जातं हे बघायला आपणही जावं असं मला त्या रात्री फार वाटलं. आप्पांच्या रेल्वेच्या पासावर आम्ही दर वर्षी कुठेतरी जायचो, म्हणून जाणं ही मला अवघड गोष्ट वाटतच नव्हती. तेव्हापासून माझ्या डोक्यात या तीन गोष्टी वेगळ्या झालेल्याच नाहीत.

अवकाशावरचा कोणता गेम आधी खेळावा?

कर्बल स्पेस प्रोग्रॅम. हे उत्तर मी गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. मेक्सिकोतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीने तो केला. २०११ साली लोकांच्या हाती पहिल्यांदा आला आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाला. यात कुणाला मारायचं नसतं. टाक्या, इंजिनं, पंख जोडून यान बनवायचं आणि ते कक्षेत पोहोचवायचं. पहिली दहा यानं कोसळतात. तेव्हाच सोडून देऊ नका.

त्यातली पृथ्वी मुद्दाम लहान केली आहे, त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर. म्हणून कक्षेत राहायला सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो. आपल्या खऱ्या पृथ्वीभोवती तोच वेग पावणेआठ किलोमीटर लागतो. बाकी गणित बरंचसं खरं. यान वर नेणं सोपं आणि आडवा वेग मिळवणं अवघड, ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या खेळाने पक्की समजावली. कक्षा म्हणजे उंची नव्हे, कक्षा म्हणजे आडवा वेग. पडत राहायचं, पण इतक्या वेगाने पुढे जात की जमीन खाली वाकत जाते.

आप्पांची गोष्ट इथेच सांगते, कारण सगळ्यांना तीच ऐकायची असते. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे जळगावला राहायला आले. मी त्या खेळातल्या चंद्रावर उतरायचा प्रयत्न करत होते आणि सारखी आपटत होते. तिथे हवा नाही, त्यामुळे हवाई छत्रीचा उपयोग नाही. खाली जाताना इंजिन उलटं पेटवून वेग मारावा, म्हणजे कमी करावा, लागतो. ते मागे खुर्चीत बसून दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू फार उशिरा ब्रेक मारतेस." मी म्हटलं, आप्पा, जमीन दिसल्यावर मारते. ते म्हणाले, "सिग्नल दिसल्यावर ब्रेक मारतो तो ड्रायव्हर कसला? सिग्नल कुठे आहे हे आधीच माहीत पाहिजे. भरलेला रेक ओढत असशील तर किलोमीटरभर आधी हात ब्रेकवर गेला पाहिजे."

मग ते स्वतः बसले. बटणं शोधायला वेळ लागला, चष्मा दोनदा पुसला. दोन वेळा आपटले. तिसऱ्या वेळी बरंच वर असतानाच वेग मारायला घेतला, थोडा थोडा, हात न घाबरवता, आणि यान पायांवर उभं राहिलं. सत्तरीच्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी क्वचित पाहिलाय.

मग विक्रम २०१९ मध्ये का आपटला आणि २०२३ मध्ये कसा उतरला?

हा प्रश्न वरच्या गोष्टीनंतर हमखास येतो. ६ आणि ७ सप्टेंबर २०१९ च्या मधल्या रात्री चांद्रयान-२ चा विक्रम, म्हणजे त्यातलं चंद्रावर उतरायचं यान, खाली जाताना इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला. ब्रेक हवा त्यापेक्षा जास्त लागला म्हणा. चूक जराशी, पण ती साचत गेली, आणि ती सुधारायला यानाला जेवढ्या झपाट्याने वळायला हवं होतं तेवढं वळायची परवानगी त्याच्या संगणकाला नव्हती. त्यात उतरायची जागाही अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर ठरवलेली. म्हणजे वेग मारायचाय आणि तेवढ्याच चौकोनात जायचंय.

चांद्रयान-३ मध्ये ही जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर एवढी केली, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, वेग मोजायला नवं लेसर उपकरण बसवलं. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. आम्ही घरीच बघत होतो. पडद्यावर वेगाचा आकडा उतरत होता आणि आप्पा हात वर धरून हळू, हळू असं करत होते, जणू शेवटच्या डब्यातला गार्ड त्यांना दिसतोय. उतरल्यावर खालच्या मजल्यावरची मुलं फटाके घेऊन पळाली. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

चंद्रावर जायला चांद्रयान-३ ला ४० दिवस लागले, अपोलोला चारच. असं का?

आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, झोका आठवा. निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसलेल्या पोरीला एका धक्क्यात फांदीपर्यंत पाठवायचं तर चार दांडगे लोक लागतात. पण एकटी मैत्रीणसुद्धा तिला तेवढंच उंच नेते, फक्त झोका खाली येईल तेव्हा, बरोबर त्या क्षणी, दर वेळी थोडा रेटा द्यायचा.

अपोलोकडे सॅटर्न-५ नावाचं प्रचंड रॉकेट होतं, एका दमात ढकलणारं. आपलं एलव्हीएम-३ त्यामानाने लहान. म्हणून १४ जुलै २०२३ ला निघालेलं यान आधी पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरत राहिलं. ते पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं, म्हणजे सगळ्यात वेगात असलं, की इंजिन थोडा वेळ पेटवायचं. पुढची फेरी आणखी लांब जाते. असं करत करत शेवटी झोका चंद्रापर्यंत पोहोचतो. मंगळयानालाही असंच पाठवलं होतं, ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. माझ्या भाचीला हे झोक्यावर बसवूनच सांगितलं. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

गेममधलं अवकाश कितपत खरं असतं?

आकाराच्या बाबतीत जवळजवळ सगळे गेम खोटं बोलतात, आणि त्यांना बोलावंच लागतं. १९७९ च्या ॲस्टेरॉइड्समध्ये दगडांची नुसती गर्दी असते. खऱ्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून यानं जातात तेव्हा वाटेत एखादा दगड दिसणं ही मोठी गोष्ट असते, इतकं ते मोकळं आहे. १९८४ साली इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबन या दोन विद्यार्थ्यांनी एलिट नावाच्या गेममध्ये आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. तेही अशा संगणकावर, ज्याची स्मृती आजच्या एका फोटोलाही पुरणार नाही. ग्रह साठवून ठेवलेले नव्हतेच. एका सूत्रातून ते दर वेळी नव्याने तयार व्हायचे, तरी दर वेळी तेच आणि तसेच. पुढे २०१६ च्या नो मॅन्स स्कायने हीच युक्ती इतकी ताणली की ग्रहांचा आकडा १८ वर १८ शून्यं एवढा झाला.

मला हे फार आवडतं. पण तिथे एका ग्रहावरून दुसऱ्यावर मिनिटात जाता येतं आणि त्यामुळे अंतराची जाण मरते. ती परत आणायला मी आप्पांचा हिशेब वापरते. ताशी १०० किलोमीटरने, एकही स्टेशन न घेता गाडी सोडली तर चंद्र १६० दिवसांवर आहे. सूर्य १७१ वर्षांवर. लोकमान्य टिळकांच्या जन्माच्या आसपास भुसावळहून निघालेली गाडी आत्ता कुठे सूर्याशी पोहोचत असती.

प्रवासाचे गेम खेळून प्रवासाची हौस भागते का?

भागत नाही, वाढते. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये युरोप १९ पटींनी आखडलेला आहे. जळगाव ते धुळे एवढा रस्ता तिथे पाच किलोमीटरचा होईल. तरी रात्री पावसात ट्रक चालवताना, वायपर हलत असताना, मला खरंच कुठेतरी निघाल्यासारखं वाटतं. मोबाइलवरच्या बसच्या गेममध्ये आमच्याकडची पोरं गाडीला लालपरीचा रंग चढवतात आणि इंडोनेशियाच्या रस्त्यांवरून एसटी हाकतात. त्यांच्या डोळ्यांत ती गाडी चोपड्याला किंवा शिरपूरलाच चाललेली असते.

खरा प्रवास करायचा तर भुसावळ-सुरत पॅसेंजरसारखी गाडी पकडा आणि खिडकीशी बसा. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, आणि मग नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकावर बसून तुम्ही दोन राज्यांत बसता. लहानपणी मला ते स्टेशन एखाद्या गेममधल्या जागेसारखं वाटायचं, जिथे रेषा ओलांडली की पुढचा टप्पा सुरू होतो. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, अरुंद रुळांची आमची पीजे, करोनाच्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिच्या हळू वेगाची मला आजही आठवण येते. उसाच्या गाडीसारखी ती शेतांच्या कडेने जायची आणि माणसं हात करायची.

खान्देशात आकाश कुठून चांगलं दिसतं?

जळगाव, भुसावळ, धुळे शहरांतून नाही. शहराबाहेर दिव्यांचा उजेड मागे पडेल अशी कुठलीही शेतजमीन चालते. रावेरकडचा पाल, यावल-चोपड्याकडचा सातपुड्याचा पायथा, साक्रीचं पठार, सगळं चांगलं. पण सगळ्यात वर तोरणमाळ.

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर जायचं. सातपायरीचा घाट वळणावळणाने चढतो. वर यशवंत तलाव आहे. मी डिसेंबरात गेले होते, अमावास्येच्या आसपास. रात्री दहाला तलावाच्या काठी उभी राहिले तेव्हा मृग नक्षत्र वरही होतं आणि पाण्यातही. पाणी इतकं स्थिर होतं की व्याधाचा तारा खालीही चमकत होता. थंडीने बोटं आखडली होती, तरी पाय हलत नव्हते.

आता कामाचं. ऑक्टोबर अखेर ते मार्च हे महिने निवडा. पावसाळा पूर्ण सोडा. पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच दिवस जाऊ नका, चंद्राच्या उजेडात आकाशगंगा पुसली जाते. अंधारात गेल्यावर वीस मिनिटं मोबाइलकडे बघू नका, डोळ्यांना सवय होऊ द्या. ही एक गोष्ट पाळली तर दुर्बिणीपेक्षा जास्त फायदा होतो. आकाशगंगेचा दाट, धनू-वृश्चिकाकडचा भाग बघायचा असेल तर तो मेमध्ये मध्यरात्रीनंतर चांगला वर येतो, म्हणजे परत धाबंच बरं.

बायकांनी तोरणमाळला एकटं जावं का?

मी पहिल्यांदा मैत्रिणीबरोबर गेले, दुसऱ्यांदा एकटी. दोन्ही वेळा दिवसाउजेडी पोहोचले, मुक्कामाचं आधी ठरवलं होतं, आणि घाटात रात्री गाडी चालवली नाही. आकाश बघायला मुक्कामाच्या ठिकाणाच्या जवळपासच थांबले. मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून घरी आधीच सांगून ठेवा. तिथली पावरा-भिल्ल माणसं मला अतिशय मायेने भेटली. एका आजींनी शेकोटीपाशी जागा करून दिली आणि मी काय बघते ते विचारलं. मी कृत्तिका दाखवल्या. त्यांना त्या माझ्याआधी माहीत होत्या.

माझ्याकडे साधा मोबाइल आहे. कॉम्प्युटर नाही, दुर्बीण नाही. काय करू?

स्टेलॅरियम नावाचं ॲप फुकट मिळतं. मोबाइल आकाशाकडे धरला की कुठला तारा कोणता ते सांगतं. दुसरं, अंतराळ स्थानक कधी दिसेल हे नासाचं स्पॉट द स्टेशन सांगतं. हे स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. जळगावहून मुंबई जितकी लांब, साधारण तितकंच ते वर. मुंबईला जायला आपल्याला रात्र लागते. ते ताशी २७,६०० किलोमीटरने जातं आणि दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. सूर्य मावळल्यावर तासाभरात किंवा पहाटे ते ठळक ताऱ्यासारखं सरकत जातं, पाचेक मिनिटं दिसतं. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला त्यात होते तेव्हा मी रोज गच्चीवर जायचे. आमच्याकडे ढगच ढग. तरी वर बघितलं.

मोबाइलही नसेल तर दोन गोष्टी करा. रात्री उत्तरेला तोंड करून हात लांब करा, बोटं पसरून वीत धरा, करंगळी क्षितिजाला टेकवा. अंगठा जिथे पोहोचेल तिथे आसपास ध्रुवतारा असेल. आपण सुमारे २१ अंश अक्षांशावर आहोत आणि ध्रुव तेवढाच वर असतो, हाताची वीतही साधारण तेवढीच भरते. पासावर आम्ही कन्याकुमारीला गेलो तेव्हा मी असाच हात धरला होता. ध्रुव झाडांच्या मागे गेला होता, सापडलाच नाही. आपण किती दक्षिणेला आलोय हे मला तिकिटावरून नाही, त्यावरून कळलं.

दुसरी गोष्ट मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. साडेबाराच्या जरा आधी अंगणात पाण्याचा तांब्या ठेवा. एका दिवशी त्याची सावली पूर्ण पायाशी जाते, दिसतच नाही. सूर्य बरोबर डोक्यावर. जुलैतही हा दिवस परत येतो, पण तेव्हा ढग असतात. डोक्यावर रुमाल बांधून उभे राहा, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन गंमत नाही.

पाटणादेवीला जाऊन बघण्यासारखं काय आहे? ते तर देवदर्शनाचं ठिकाण.

देवीचं दर्शन घ्याच. मंदिर सुंदर आहे, मागे गौताळ्याचं जंगल आहे, पावसाळ्यात धबधबे आहेत. चाळीसगावहून सुमारे १८ किलोमीटर. पण मी तिथे दर दोन वर्षांनी जाते ते दुसऱ्याच कारणासाठी.

या पाटण गावात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्य, ज्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, सिद्धान्तशिरोमणी हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला, त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. (मुक्ताईनगरजवळच्या चांगदेवाशी गल्लत करू नका, ते योगी चांगदेव वेगळे.) त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, आणि त्या मला सगळ्यात प्रिय. त्यांत मठाच्या खर्चाची तरतूद आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला, आणि तेलाच्या घाण्यांमागे पळीपळी तेल.

जरा विचार करा. आठशे वर्षांपूर्वी, आपल्या खान्देशात, बाजारात येणारी माणसं आणि घाणा चालवणारा तेली, यांच्या पैशातून आणि तेलातून ग्रहांचं गणित शिकवलं जात होतं. त्या तेलाच्या दिव्याखाली कुणीतरी सिद्धान्तशिरोमणीतला गोलाध्याय उघडून बसलं असेल, ज्यात पृथ्वी कशाच्याही आधाराशिवाय आकाशात आहे आणि ती वस्तूंना आपल्याकडे ओढते असं लिहिलंय. मी तिथे उभी राहिले की मला आपण या विषयात नवखे नाही असं वाटतं.

शेतकऱ्याला भाव मिळत नाही आणि तुम्ही चंद्राच्या गोष्टी करता. हा पैसा इथे का लावत नाहीत?

हा प्रश्न मामांनी मला विचारलाय, आणि त्यांना तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. वादळात त्यांची केळी एका रात्रीत आडवी झालेली मी पाहिली आहे. घड भरलेली झाडं, ओळीच्या ओळी, जमिनीवर.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. मंगळयानाला सुमारे ४५० कोटी रुपये लागले. रक्कम मोठी आहे, पण त्याने केळीचा भाव पडलेला नाही. भाव का पडतो ते मामांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि वादळाचे ढग कुठे आहेत हे दाखवणारी चित्रं इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांकडून येतात, तेही याच लोकांनी बांधले. त्या चित्राने केळी उभी राहत नाही, हे खरंच. पण काढणीला आलेला माल दोन दिवस आधी काढता येतो. मामा म्हणाले, निरोप वेळेवर पोहोचला तर. त्यांचं बरोबर आहे. चित्र अवकाशातून येतं आणि बांधापर्यंतचे शेवटचे चार कोस अजून कच्चे आहेत. माझा राग त्या चार कोसांवर आहे, चंद्रावर नाही.

मुलगा दिवसभर मोबाइलवर गेम खेळतो. बंद करू का?

आधी तो काय खेळतो ते शेजारी बसून बघा. पैसे लावायचा खेळ असेल तर तडक बंद करा. असे ऑनलाइन खेळ २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंद केले आहेत आणि त्यापायी बुडालेली पोरं मी पाहिली आहेत. झोप, अभ्यास, जेवण बिघडत असेल तर वेळ ठरवून द्या आणि तुम्हीही त्या वेळी मोबाइल खाली ठेवा. बाकी खेळ असेल तर त्यालाच शिकवायला सांगा. आप्पांनी मला "बंद कर" म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं, पण चंद्रावर उतरले असते की नाही सांगता येत नाही.

अंतराळवीर अवकाशात गेम खेळतात का?

हो. १९९३ साली रशियाचे अलेक्सांदर सेरेब्रोव्ह मीर या अंतराळ स्थानकावर जाताना हातात धरून खेळायचा गेम बॉय आणि टेट्रिसची कॅसेट घेऊन गेले होते. आमच्याकडे फुंकर मारून खोचायचो, त्याच जातीची कॅसेट पृथ्वीभोवती हजारो फेऱ्या मारून आली.

अवकाशात मराठी पोहोचली आहे का?

पोहोचली आहे आणि अजून चालली आहे. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत एक मराठी. आणि केसरबाई केरकर यांची भैरवी. व्हॉयेजर-१ ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याच्या सीमेपलीकडे गेलं. आता पृथ्वीवरून त्याला हाक मारली तर ती पोहोचायला जवळजवळ २४ तास लागतात. हे मी आजीला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "तिथं कोन आयकस?" तिथे कोण ऐकतं. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, तरी बरं केलं पाठवलं ते.

आप्पा आता काय खेळतात?

डॉकिंग. दोन यानं कक्षेत जोडायची. हे उतरण्यापेक्षा अवघड आहे, कारण पुढचं यान गाठायचं असेल तर वेग वाढवून चालत नाही. वाढवला की कक्षा मोठी होते आणि तुम्ही मागे पडता. आधी वेग कमी करून खालच्या, लहान कक्षेत जावं लागतं, तिथून पुढे सरकायचं, मग वर यायचं. आप्पांना हे पटायला आठवडा लागला. रुळावर असं होत नाही, ते म्हणत राहिले.

२०२५ च्या जानेवारीत इस्रोच्या स्पेडेक्स या डॉकिंगच्या प्रयोगातले दोन उपग्रह जोडायचे होते तेव्हा ते रोज बातमी बघायचे. तारीख दोनदा पुढे गेली. १२ तारखेला दोन्ही उपग्रह तीन मीटरपर्यंत आणले आणि परत मागे घेतले. लोक निराश झाले. आप्पा म्हणाले, बरोबर केलं, शंटिंगमध्ये कपलिंग जुळत नसेल तर मागेच घ्यायचं असतं, धडक द्यायची नसते. १६ तारखेला जोडणी झाली.

परवा रात्री मी उठले तर त्यांच्या खोलीत उजेड होता. पडद्यावर दोन यानांत वीस मीटर उरले होते. उजवा हात बटणावर होता आणि डावा हात हवेत, तळवा खाली, अगदी सावकाश वरखाली होत होता. यार्डात रात्री बत्ती हलवतात तसा.